पित्त झालंय, पण कुठलं?

"काय होतंय, मावशी?"

"पित्त झालंय."

"पित्त म्हणजे नेमकं काय होतं?"

"पित्त म्हंजी पित्तच की! दुसरं काय?"

नगर जिल्ह्यात शेवगाव असो, श्रीगोंदा असो की अकोले, बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर पाच मिनिटं बसलं तर हा संवाद थोड्याफार फरकाने कानावर पडतोच. पेशंटच्या मते निदान घरीच झालेलं असतं, डॉक्टरकडून फक्त गोळी हवी असते. डॉक्टरची अडचण मात्र इथूनच सुरू होते. कारण मराठीतलं ‘पित्त’ म्हणजे एक गोणी आहे, तिच्यात काय काय भरलंय ते ओतून बघितल्याशिवाय कळत नाही. अंगावर गांधी उठल्या की पित्त उठलं. उन्हातून आल्यावर अर्धं डोकं ठणकायला लागलं आणि उलटी झाल्यावर थांबलं, की ते ‘पित्ताचं डोकं’. पहाटे कडू, हिरवट पाणी पडलं की पित्त पडलं. जेवणानंतर छातीत आग झाली की पित्तच, आणि सासऱ्यांचा आवाज चढला की त्यांचं पित्त खवळलं. यातला पहिला प्रकार त्वचेचा. दुसरा बहुतेक वेळा मायग्रेनचा, म्हणजे अर्धशिशीचा. तिसरा यकृतात तयार होणाऱ्या खऱ्याखुऱ्या पित्तरसाचा. छातीतली आग मात्र पित्तरसाची नसतेच बहुधा. ती जठरातल्या आम्लाची, आपण ज्याला सरसकट ॲसिडिटी म्हणतो त्याची.

शब्दाचा हा घोळ आजचा नाही, आणि तो निव्वळ अडाणीपणाचाही नाही. सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात ‘आम्लपित्त’ या रोगाला स्वतंत्र प्रकरण दिलेलं आहे. आंबट-कडू ढेकर, छातीत आणि घशात दाह, अन्नावरची वासना उडणं, ही लक्षणं त्यात आहेत. वर जाणारं ते ऊर्ध्वग आणि खाली जाणारं ते अधोग, असे दोन भेदही केलेले आहेत. वर जाणाऱ्या आम्लपित्ताचं वर्णन आजच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वाचून दाखवलं तर तो चटकन म्हणेल, हे तर रिफ्लक्स! हे सगळं शिकवणारं एक जुनं विद्यालय नगरकरांच्या दारातच आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 मध्ये नगरात आयुर्वेद महाविद्यालय सुरू केलं, ते आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. सूतशेखर आणि कामदुधा ही औषधं मराठी घरांच्या फडताळात कित्येक वर्षं आहेत, त्यामागे अशाच वैद्यांची पिढी आहे.

आधुनिक वैद्यकाला मात्र रिफ्लक्स हा आजार स्वतंत्रपणे ओळखायला बराच उशीर लागला. न्यूयॉर्कच्या ॲशर विंकेलस्टाइन यांनी 1935 मध्ये मांडलं, की काही लोकांच्या अन्ननलिकेची आग जठरातला रस वर चढल्यामुळे होत असावी. तोवर छातीत जळजळ हे फक्त एक लक्षण होतं, त्याचा धनी कोण ते ठरलेलं नव्हतं.

बिघाड तसा साधा आहे. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी साधारण 25 सेंटिमीटरची स्नायूंची नळी. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते उघडतं, घास खाली गेला की मिटतं. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा त्या कड्याला बाहेरून आवळून धरतो. जठराच्या आतल्या आवरणाला ॲसिडची सवय असते, अन्ननलिकेच्या आवरणाला नसते. कडं सैल पडलं, नको तेव्हा उघडलं, किंवा जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीत सरकला, की माल उलटा चढतो. दिवसातून काही वेळा तो प्रत्येकाचाच चढतो. भरपेट जेवून दिलेली ढेकर हा त्यातलाच प्रकार. म्हणून नुसतं ॲसिड वर येणं हा आजार नव्हे. त्याचा माणसाला त्रास व्हायला लागला, किंवा अन्ननलिकेला इजा झाली, की त्याला आजार म्हणायचं, अशी व्याख्या जगभरच्या तज्ज्ञांनी 2006 मध्ये माँट्रियलच्या नावाने मान्य केली.

भारतात किती जणांना हा आजार आहे? इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या एका गटाने देशातल्या बारा केंद्रांवर तीन हजारांहून अधिक लोकांना प्रश्नावली देऊन पाहिलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शोभना भाटिया त्या कामात पुढे होत्या. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा होता शंभरात 7.6. ‘मला पित्त आहे’ म्हणणाऱ्यांची संख्या मोजली असती, तर तो आकडा कुठे गेला असता याची कल्पनाच केलेली बरी.

म्हणजे गोणी ओतून निवडायची. त्यासाठी लागणारं पहिलं यंत्र म्हणजे डॉक्टरचे कान.

चांगला डॉक्टर ‘पित्त’ हा शब्द कागदावर लिहून थांबत नाही. तो विचारतो, आग कुठे होते? बोट ठेवून दाखवा. पेशंटने छातीच्या मधल्या हाडावर तळवा फिरवून खालून वर, गळ्याकडे नेला, तर अर्धं काम झालं. रिफ्लक्सची आग अशी वर सरकते. दुखणं बेंबीच्या वर, एकाच जागी, उपाशीपोटी पोखरल्यासारखं असेल तर विचार अल्सरकडे जातो. उजव्या बरगडीखाली, तेलकट खाल्ल्यावर कळ येऊन ती दोन-चार तास टिकत असेल, पाठीत जात असेल, तर पित्ताशयातले खडे आठवायचे. गोणीतला हा आणखी एक पित्त-नामक ऐवज, आणि या वेळी नाव बरोबरही आहे. सोनोग्राफी उपयोगी पडते ती इथे. ‘पित्ताची सोनोग्राफी करा’ म्हणून अडून बसणारे पेशंट पुष्कळ असतात, पण अन्ननलिकेची जळजळ सोनोग्राफीत दिसत नाही.

मग दुसरा प्रश्न: वाकल्यावर वर येतं का? हा प्रश्न शहरी दवाखान्यात बुटाची नाडी बांधण्यावरून विचारतात. नगर जिल्ह्यात तो खुरपणीवरून विचारावा लागतो. दिवसभर वाफ्यात उकिडवं बसून खुरपणारी बाई, किंवा उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारा पाथर्डीकडचा तोडणी कामगार, यांच्या पोटावर सतत दाब येतो. भाकरी-कोरड्यास खाऊन लगेच वाकलं की आंबट पाणी घशाशी येतं. हे आंबट पाणी येणं आणि छातीत जळजळ होणं, या दोन गोष्टी एकत्र असतील तर निदान पुष्कळ पक्कं होतं.

तिसरा प्रश्न वेळेचा. रात्री किती वाजता जेवता, आणि जेवल्यावर किती वेळाने आडवे होता? इथे जिल्ह्याचा वीजपुरवठाही रोगाच्या इतिहासात येतो. कृषिपंपाला थ्री-फेज लाईट रात्रपाळीची असली की शेतकरी उशिरा जेवतो, लगेच लवंडतो, मध्यरात्री मोटार चालू करायला उठतो, बिबट्याच्या भीतीने बॅटरी फिरवत बारे देतो, आणि पहाटे उपाशीपोटी दोन कप गोड चहा पितो. झोपेत जळजळीने किंवा ठसका लागून उठायला होतं का, हे विचारल्याशिवाय कहाणी पुरी होत नाही. आडवं झाल्यावर गुरुत्वाकर्षणाची मदत संपते, झोपेत लाळ गिळणं कमी होतं, आणि वर आलेलं ॲसिड तिथेच रेंगाळतं.

तंबाखू, मिसरी, दारू, वाढलेलं पोट, गरोदरपण ही यादी ओघानेच येते. एकादशीही येते, कारण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्याची तुपाळ खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि तळलेल्या पापड्या यांच्या उपवासाने जठर रिकामं व्हायला उशीर लागतो.

प्रश्नांतला सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे औषधांचा. ‘दुसऱ्या कशाच्या गोळ्या चालू आहेत?’ यावर उत्तर हमखास ‘नाही’ असं येतं. गुडघ्याची गोळी ही लोकांच्या मनात औषधातच धरलेली नसते. ती तर मेडिकलवाल्याने दिलेली असते! अशा वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या की जठराला जखमा होतात. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या अन्ननलिकेच्या खालच्या कड्याला ढिलं पाडतात, दम्याच्या काही जुन्या गोळ्याही तेच करतात. आणि डॉक्सिसायक्लिनसारखी कॅप्सूल झोपताना घोटभर पाण्यावर गिळली तर ती अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटून तिथेच भाजते. दुसऱ्या दिवशी पेशंट येतो तो ‘पित्त भडकलं’ म्हणून. गिळताना दुखतंय हे मात्र विचारल्यावरच सांगतो.

आता गोणीतली सर्वांत घातक गोष्ट. पन्नाशीचा माणूस, रात्री लग्नाच्या पंगतीत जेवलेला, पहाटे छातीत भरून येतं. घाम फुटतो, मळमळतं. घरातले म्हणतात, काल मटण होतं ना, गॅस झालाय. सोडा देतात, इनो देतात, ओवा देतात. ढेकर येते, जरा बरं वाटतं. माणूस झोपतो. असे किस्से प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यातले काही किस्से पुढच्या वाक्यात संपतात.

हृदय आणि अन्ननलिका छातीच्या पिंजऱ्यात शेजारी-शेजारी आहेत, आणि त्यांच्या वेदनेच्या तारा मेंदूकडे जवळपास एकाच वाटेने जातात. म्हणून दुखणं कोणाचं, हे शरीरालाही नीट सांगता येत नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आला तर मळमळ आणि उलटी हीच ठळक लक्षणं असू शकतात. मधुमेही माणसाला आणि बाईमाणसाला छातीत कळ न येता नुसती जळजळ, धाप किंवा थकवा जाणवू शकतो. जुने डॉक्टर एक युक्ती करत. ॲसिडिटीचं पातळ औषध पाजायचं आणि दुखणं थांबलं तर पोट, नाही थांबलं तर हृदय. ही युक्ती आता मोडीत काढलेली आहे, कारण हृदयविकाराची कळही कधी-कधी त्या औषधानंतर योगायोगाने ओसरते. उलट बाजूनेही तेच. जिभेखाली ठेवायची हृदयविकाराची गोळी अन्ननलिकेच्या स्नायूंची उबळही सोडवते. म्हणजे गोळीने बरं वाटलं, म्हणून हृदयच होतं असंही नाही.

म्हणून नियम असा, की छातीतलं नवं दुखणं, चालल्यावर किंवा चढ चढल्यावर येणारं आणि थांबल्यावर ओसरणारं दुखणं, घाम, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ यांपैकी काहीही असेल, तर आधी छातीची पट्टी काढायची, म्हणजे ईसीजी. तोही पहिल्या वेळी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून काही तासांच्या अंतराने पुन्हा काढतात, आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. रिफ्लक्सचं निदान हा नंतरचा विषय. आधी हृदय बाजूला काढायचं, मग अन्ननलिकेला हात घालायचा. हा क्रम उलटा करण्याची मुभा कोणालाच नाही.

हृदय निर्धास्त निघालं, कहाणी जळजळीची आणि आंबट पाण्याची असली, आणि धोक्याची कुठलीही खूण नसली, तर डॉक्टर बहुधा कुठलीच तपासणी सांगत नाहीत. पेशंटला हे खटकतं. लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयापर्यंत किंवा विळद घाटातल्या विखे पाटील फाउंडेशनच्या रुग्णालयापर्यंत एसटीचे धक्के खात जायचं, आणि तिथे डॉक्टरांनी आठ आठवड्यांच्या गोळ्या लिहून परत पाठवायचं, याला काय अर्थ? अर्थ आहे. ॲसिड तयार करणारे जठरातले पंप बंद करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल आणि त्यांची भावंडं, ही इथे औषधाबरोबरच परीक्षाही असतात. आग थांबली तर ती ॲसिडची होती, असं धरायचं.

परीक्षा अचूक मात्र नाही. 2004 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा खऱ्या रिफ्लक्सच्या शंभर पेशंटपैकी 78 जणांत ती बरोबर लागली. पण ज्यांना रिफ्लक्स नव्हताच, त्यांच्यातल्या शंभरापैकी 54 जणांनाच तिने ‘नाही’ म्हटलं. उरलेल्यांना गोळीने बरं वाटलं आणि नसलेला आजार त्यांच्या नावावर चढला. अल्सर गोळीने बरा होतो, साधं अपचन थोडं शमतं, आणि मनाचा विश्वासही काही काम करतोच.

ही परीक्षा बिघडवायला आपला चहाही पुरेसा आहे. गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, कारण पंप जेवणाच्या चाहुलीने जागे होतात आणि जागे झालेले पंपच ती बंद करू शकते. गावाकडे ती चहाबरोबर, न्याहारीनंतर किंवा रात्री झोपताना घेतली जाते. दोन आठवड्यांनी पेशंट सांगतो, फरक नाही. मग गोळी बदलते, मग डबल होते, मग दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी, होते. मूळ चूक घड्याळाची असते.

गोळी सोडतानाही फसगत होते. डेन्मार्कमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्णपणे निरोगी अशा 120 लोकांना घेतलं. निम्म्यांना आठ आठवडे ही गोळी दिली, निम्म्यांना साखरेसारखी निरुपयोगी गोळी. औषध थांबवल्यानंतरच्या आठवड्यांत खऱ्या गोळीवाल्यांपैकी 44 टक्के लोकांना ॲसिडिटीची लक्षणं जाणवली, दुसऱ्या गटात 15 टक्क्यांना. दाबून धरलेले पंप सुटले की काही काळ जोमाने उसळतात. ‘गोळी बंद केली की पित्त परत येतं, म्हणजे मला आयुष्यभर लागणार’ हा निष्कर्ष अनेकांनी काढलेला असतो. तो दरवेळी खरा नसतो.

धोक्याच्या खुणा कोणत्या? घास अडकणं, गिळताना दुखणं, न ठरवता वजन घटणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं, सतत उलट्या. यांपैकी एक जरी असेल तर गोळ्यांच्या परीक्षेची वाट बघायची नाही. हे ओळखायला यंत्र लागत नाही, विचारणारं माणूस लागतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पाने हे फार आधी ओळखलं होतं. गावानेच निवडलेल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या अनेक बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरला जे ‘पित्तच की’ म्हणून सांगितलं जातं, ते शेजारच्या बाईला ओट्यावर नीट फोड करून सांगितलं जातं, हे गावात राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आज आशाताईला ‘घास अडकतो का गं?’ एवढं विचारायला कुठली पदवी लागत नाही. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवावा लागतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. तेव्हा काळ्या रंगाने घाबरण्याआधी गोळ्यांची चौकशी करायची.

आणि मग दुर्बीण. हा शब्द उच्चारला की घरात गंभीर शांतता पसरते. प्रत्यक्षात प्रकार आटोपशीर आहे. सहा ते आठ तास उपाशी, घशात बधिरीचा फवारा, डाव्या कुशीवर झोपायचं, दातांत प्लास्टिकची कडी, आणि बोटापेक्षा बारीक नळी. पाच-दहा मिनिटांत काम संपतं. ओकारी येते, डोळ्यांतून पाणी येतं, पण श्वास अडत नाही, कारण नळी श्वासाच्या वाटेने जातच नाही.

या नळीमागे मोठी मौज आहे. 1868 मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यांना जठरात डोकवायचं होतं, पण सरळ, ताठ नळी गिळणार कोण? त्यांनी तलवार गिळणारा एक कलावंत गाठला. नळी गेली, पण दिव्याचा उजेड आत पुरेसा पोहोचेना. वाकणाऱ्या नळीतून उजेड आणि चित्र वाहून न्यायची किल्ली पुढे काचेच्या केसासारख्या धाग्यांत सापडली. त्यावरचा 1954 मधला महत्त्वाचा निबंध लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर लिहिणारे नरिंदरसिंग कपानी हे पंजाबातल्या मोग्याचे. तो निबंध वाचून अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी दुर्बीण बनवली आणि 1957 मध्ये ती पहिल्यांदा स्वतःच्याच घशात घातली. दुर्बिणीला घाबरणाऱ्या पेशंटला ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

दुर्बिणीत डॉक्टर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सोललेल्या रेघा शोधतात. त्यांच्या चार पायऱ्या लॉस एंजलिसच्या नावाने ओळखल्या जातात. पाच मिलिमीटरपर्यंतची रेघ ‘ए’, त्याहून लांब ‘बी’, दोन घड्यांच्या माथ्यांना जोडणारी ‘सी’, आणि नळीचा तीन चतुर्थांश किंवा अधिक घेर व्यापणारी ‘डी’. ‘ए’वर डॉक्टर फारसा विश्वास ठेवत नाहीत, निरोगी लोकांतही ती सापडते. ‘बी’पासून पुढे मात्र पुरावा पक्का. आवरणाचा रंग आणि पोत बदललेला दिसला तर तुकडा घेऊन तपासतात. बॅरेट नावाचा हा बदल भारतात तुलनेने कमी दिसतो, पण त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

अडचण अशी, की रिफ्लक्सची सगळी लक्षणं असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांची दुर्बीण नॉर्मल येते. त्यातच पेशंट आदल्या रात्रीपर्यंत गोळ्या खात असेल तर जखमा भरून आलेल्या असतात. म्हणून शक्य असेल तिथे दोन ते चार आठवडे गोळ्या थांबवून दुर्बीण करावी, असा सल्ला आहे. प्रत्यक्षात हे क्वचितच पाळलं जातं. ‘दुर्बिणीत काही नाही, तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य ऐकून घरी गेलेला पेशंट तसाच जळत राहतो आणि घरच्यांच्या लेखी नाटकी ठरतो. दुर्बिणीने इजा दिसते, ॲसिड वर येताना दिसत नाही. हे पेशंटला सांगायला अर्धं मिनिट लागतं.

दुर्बिणीच्या कागदावर एच. पायलोरीचं नाव आलं तरी गोंधळ होतो. हा जंतू जठरातल्या अल्सरचा गुन्हेगार. त्याचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. तो मारलाच पाहिजे, पण तो गेल्याने अन्ननलिकेचं सैल कडं घट्ट होत नाही.

याहून चकवणारा रोग म्हणजे अन्ननलिकेचं खालचं कडं उघडतच नाही, तो. त्याला अकॅलेझिया म्हणतात. अन्न खाली न जाता वर साचतं आणि आडवं झालं की तोंडात येतं. पेशंट सांगतो, ‘वर येतं’, डॉक्टर लिहितो रिफ्लक्स, आणि वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या चालतात. एकच प्रश्न इथे वाट दाखवतो: वर येतं ते आंबट असतं की जसंच्या तसं, चवीला भाकरीसारखं? जसंच्या तसं असेल तर ते जठरापर्यंत गेलेलंच नाही. मग बेरियम पाजून एक्स-रे काढतात. त्यात अन्ननलिकेचं खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं. अन्ननलिकेतला दाब मोजून खात्री करतात. हा दाब मोजल्याशिवाय रिफ्लक्सची शस्त्रक्रिया करू नये, असा दंडक आहे, तो याचसाठी.

घसा हा वेगळाच प्रांत. कीर्तनकार, शिक्षक, लिलावात दिवसभर बोली पुकारणारा बाजार समितीतला माणूस, यांचा आवाज बसला की हल्ली लगेच ‘ॲसिडिटीमुळे’ असं निदान होतं. काही वेळा ते खरंही असतं. पण जळजळ अजिबात नसताना केवळ खोकला किंवा घसा बसणं यावरून रिफ्लक्स ठरवणं धाडसाचं आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल आणि माणूस तंबाखू खाणारा असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र आधी पाहून घ्यायला हवं.

उरतो तो शेवटचा मार्ग, थेट ॲसिड मोजण्याचा. 1958 मध्ये बर्नस्टाइन आणि बेकर यांनी अन्ननलिकेत नळीने कधी सौम्य ॲसिड आणि कधी मिठाचं पाणी थेंबथेंब सोडून पाहिलं होतं. पेशंटला कोणतं चालू आहे ते सांगायचं नाही, जळलं की सांगायला त्यालाच सांगायचं. आज थेट मोजणीसाठी नाकातून शेवयीएवढी बारीक तार घालतात. तिचं टोक अन्ननलिकेच्या खालच्या कड्याच्या पाच सेंटिमीटर वर राहतं आणि कमरेच्या डबीत चोवीस तासांची नोंद होते. पीएच चारच्या खाली गेला की ॲसिड वर आलं असं धरतात. चोवीस तासांत मिनिटं असतात 1440. त्यातली चार टक्क्यांपर्यंत, म्हणजे अठ्ठावन्नएक मिनिटं, ॲसिड वर राहिलं तर ते सामान्य. सहा टक्क्यांच्या पुढे, म्हणजे साधारण दीड तास गेला तर आजार निश्चित. मधला पट्टा संशयाचा, तिथे इतर पुरावे जोडून पाहायचे. लियॉन शहराच्या नावाने 2018 मध्ये मान्य झालेली ही मोजपट्टी आता जगभर वापरतात. नाकातली तार नको असेल तर अन्ननलिकेच्या भिंतीला टोचून ठेवायची कॅप्सूलही आहे. ती बिनतारी असते, दोन ते चार दिवस नोंद पाठवते आणि पुढे आपोआप गळून पडते.

नगरसारख्या चौदा तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या जिल्ह्यात दुर्बीण आता बऱ्याच ठिकाणी मिळते. ही मोजणी मात्र मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत होते, तेव्हा पेशंटला बहुधा पुण्याची गाडी पकडावी लागते. तिथे त्याला सांगतात, आज पथ्य पाळायचं नाही. रोज खाता तेच खा, रोज वाकता तसं वाका, रोज झोपता तेव्हा झोपा. नाकात तार, गालावर चिकटपट्टी, कमरेला डबी लावून एखादा शेतकरी पाहुण्याच्या घरी ठेच्याबरोबर भाकरी खातो आणि शेजारच्या पोरांना यंत्र दाखवत बसतो. डबीवर एक बटण असतं. जळजळ झाली की ते दाबायचं.

दुसऱ्या दिवशी संगणकावर एक लांब रेघ उमटते. मधूनमधून ती चारच्या खाली बुडते. तिच्यावर बटणाच्या खुणा असतात, जळजळ झाल्याचे क्षण. डॉक्टर खुणा मोजत जातात. कुणाची प्रत्येक खूण बुडालेल्या रेघेवर नेमकी बसते. कुणाची रेघ चोवीस तास सरळ असते आणि खुणा सतरा. त्याची आग खोटी नसते, पण ॲसिडची नसते. अन्ननलिकेच्या नसा हळव्या झालेल्या असतात, त्याचं औषध वेगळं आहे. डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात आणि पहिल्यापासून पुन्हा विचारायला लागतात, "बरं, जळतं म्हणजे नेमकं काय होतं?"